प्राणवायू पुरेल का, आणि कसा आहे?

(विश्वस्त संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत प्रशासनाने किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती रुग्णांना सवलत दिली, याचा गोषवारा मांडावा, अशी आपल्या संस्थेची प्रथा आहे. ते सर्व आकडे या अहवालाच्या पुढील पानांत आहेत. आज आम्ही आपला वेळ एका अशा आकड्यासाठी मागत आहोत, जो आजवर आपल्या कोणत्याही अहवालात छापला गेलेला नाही. तो आकडा म्हणजे आपल्या रुग्णालयाच्या भिंतींतून वाहणाऱ्या नळीत प्राणवायू किती टक्के आहे, हा.

विषय रुक्ष वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. परंतु या आकड्याच्या बाबतीत आमच्याकडून एक चूक घडली, ती वेळीच लक्षात आली, आणि तिच्यातून एक नवी व्यवस्था उभी राहिली. ज्यांच्या पैशांवर हे रुग्णालय चालते आणि ज्यांची माणसे येथे श्वास घेतात, त्यांना हे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

प्रथम थोडे मागे जाऊ. एप्रिल २०२१ चे दिवस या सभागृहातील कोणीही विसरलेले नाही. १७ एप्रिल रोजी मुंबईत प्राणवायूच्या तुटवड्यामुळे महापालिकेला सहा रुग्णालयांतील १६८ रुग्ण रातोरात अन्यत्र हलवावे लागले. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला रवाना झाले; देशातील ती पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी भरताना गळती झाली, नळीतील दाब कोसळला आणि २२ हून अधिक रुग्ण दगावले. त्याच सुमारास केंद्र शासनाने, काही अत्यावश्यक उद्योग वगळता, कारखान्यांचा प्राणवायू थांबवून तो रुग्णालयांकडे वळविला. लोखंड कापणारा आणि माणूस जगविणारा वायू एकच आहे, हे सर्वसामान्य माणसाला त्या आठवड्यात प्रथमच कळले.

आपल्या मुलुंडमध्येही त्या रात्री वेगळ्या नव्हत्या. तळमजल्यावरील बाकांवर बसलेले नातेवाईक आम्हांस एकच प्रश्न विचारीत, "साहेब, ऑक्सिजन पुरेल ना?" आम्ही सिलिंडर मोजून उत्तर देत असू. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर वायू, मिनिटाला दहा लिटर घेणारा एक रुग्ण, म्हणजे एका सिलिंडरवर साधारण बारा तास चालतील. वाणिज्य शाखेच्या माणसाला हा हिशेब अवघड नव्हता. शिल्लक किती, खर्च किती, पुढचा माल केव्हा येणार, हे दुकानदाराचेच गणित. फक्त माल संपला तर गिऱ्हाईक परत जात नव्हते.

त्या अनुभवानंतर देशभरातील रुग्णालयांनी स्वतःचे ऑक्सिजन प्लांट बसविले. आपणा सर्वांच्या सढळ साहाय्याने आपल्या रुग्णालयाच्या मागील आवारातही तो उभा राहिला. त्याचे तत्त्व आपणांस माहीत असावे, कारण पुढील सर्व कथा त्यावर अवलंबून आहे.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि जेमतेम एक टक्का आर्गॉन असतो. आपला प्लांट ऑक्सिजन तयार करीत नाही. तो हवेतून नायट्रोजन बाजूला काढतो. कॉम्प्रेसरने हवा दाबाखाली आणावयाची, ड्रायरमधून नेऊन कोरडी करावयाची आणि झिओलाइट नावाच्या खनिजाच्या बारीक गोळ्यांनी भरलेल्या उभ्या पात्रातून सोडावयाची. दाबाखाली झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवते आणि ऑक्सिजन पुढे जातो. थोड्या वेळाने दाब सोडला की नायट्रोजन सुटून बाहेर पडतो. अशी दोन पात्रे आळीपाळीने काम करतात. एक भरते तेव्हा दुसरे रिकामे होते. आर्गॉन मात्र ऑक्सिजनसोबतच पुढे निघून जातो, म्हणून अशा प्लांटचा वायू १०० टक्के शुद्ध कधीच नसतो. तो ९३ टक्क्यांच्या आसपास असतो. अमेरिका व युरोपच्या औषधकोशांनी ९० ते ९६ टक्के या मर्यादेत तो औषध म्हणून मान्य केलेला आहे. याउलट, टँकरने येणारा द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंश सेल्सियसला उकळणारा, ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध असतो.

या संदर्भात आपल्या शेजारच्या पवईचे एक उदाहरण अभिमानाने सांगावेसे वाटते. एप्रिल २०२१ मध्ये पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. मिलिंद अत्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या प्रयोगशाळेतील नायट्रोजन तयार करणारे संयंत्र अवघ्या काही दिवसांत ऑक्सिजनसाठी बदलून दाखविले. आतील कार्बनची चाळणी काढून तेथे झिओलाइटची चाळणी बसविणे, हा त्या बदलाचा गाभा होता. त्यांनी जाहीर केलेल्या निष्कर्षांत वायूचा दाब ३.५ अ‍ॅटमॉस्फिअर आणि शुद्धता ९३ ते ९६ टक्के असल्याचे नमूद होते. दाबाबरोबर शुद्धताही सांगितली गेली, हे आम्ही आवर्जून लक्षात आणून देतो. दाब आणि शुद्धता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. नळीत दाब उत्तम असू शकतो आणि आतील वायू मात्र अपुरा असू शकतो. नाशिकमध्ये दाब गेला, तो सर्वांना तत्काळ कळला. शुद्धता जाते तेव्हा आवाज होत नाही.

आता आमच्या चुकीकडे येतो.

२०२३ च्या पावसाळ्यात, ऑगस्टमधील एका रात्री, अतिदक्षता विभागातील एका व्हेंटिलेटरचा अलार्म वाजू लागला. ठरवून दिल्यापेक्षा कमी ऑक्सिजन येत आहे, असे ते यंत्र सांगत होते. ड्युटीवरील मंडळींनी यंत्रातच दोष असावा, असे धरून रुग्णाला दुसऱ्या व्हेंटिलेटरवर घेतले. थोड्या वेळाने तोही तसाच वाजू लागला. रुग्णाच्या बोटावरील ऑक्सिमीटरचा आकडा हळूहळू उतरत होता. पलीकडच्या खाटेवर मास्कने प्राणवायू घेणाऱ्या वृद्ध गृहस्थांचाही आकडा त्याच सुमारास खाली आला. प्लांटच्या पडद्यावर मात्र ९१ टक्के शुद्धता दिसत होती. ९० च्या खाली गेल्यास प्लांट आपोआप बंद होऊन सिलिंडरच्या मॅनिफोल्डवरून पुरवठा सुरू व्हावा, अशी रचना होती. पडद्याच्या मते ती वेळ आलेली नव्हती.

त्या रात्रीच्या सिस्टर आमच्याकडे अनेक वर्षे आहेत. त्यांना नळ्यांचे शास्त्र शिकविण्यात आलेले नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, "दोन मशीन एका रात्रीत एकाच तऱ्हेने कशी बिघडतील? दोघांना जे सारखे जाते आहे, ते आधी बदला." डॉक्टरांनी ते मानले. खालच्या कर्मचाऱ्याने हाताने झडप फिरवून पुरवठा सिलिंडरवर घेतला. काही मिनिटांत अलार्म थांबला आणि दोन्ही रुग्णांचे आकडे वर आले. दोन्ही रुग्ण पुढे बरे होऊन घरी गेले; हे सांगताना आमच्या मनावरचे ओझे आजही हलके होत नाही.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आणलेल्या हातातील मोजमाप यंत्राने तपासले, तेव्हा प्लांटचा वायू ८४ टक्के निघाला. पडदा ९१ सांगत होता. हा फरक कोठून आला?

दोन गोष्टी एकत्र घडल्या होत्या. पहिली पावसाची. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या उपनगरांची हवा पाण्याने जड असते. कॉम्प्रेसरमधून आलेले पाणी बाहेर टाकणारी ड्रायरची स्वयंचलित झडप गाळाने अडकली होती. ओलसर हवा आत गेली आणि झिओलाइटने नायट्रोजनऐवजी पाणी धरले. झिओलाइटला पाण्याची ओढ नायट्रोजनपेक्षा कितीतरी अधिक असते, आणि एकदा धरलेले पाणी ते सहजी सोडत नाही. पात्राची ताकद अशी दिवसेंदिवस घटत गेली.

दुसरी गोष्ट मोजमापाची. प्लांटमध्ये शुद्धता मोजणारा एक छोटा रासायनिक सेल होता. तो एका अर्थाने बॅटरीच. आतील शिसे ऑक्सिजनच्या संपर्काने झिजते आणि त्यातून निर्माण होणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहावरून टक्केवारी ठरते. वापरा वा न वापरा, तो झिजतोच, आणि एक-दोन वर्षांत बदलावा लागतो. जुना होत गेला की तो बहुधा खरे त्याहून कमी दाखवितो. जुलैमधील देखभालीच्या भेटीत तो कमी आकडा दाखवीत होता. आलेल्या तंत्रज्ञाने मानले की सेल म्हातारा झाला आहे, वायू तर ९३ टक्केच असणार. म्हणून त्याने प्लांटमधून येणाऱ्या वायूवरच यंत्र जुळवून आकडा ९३ वर आणून ठेवला. प्रत्यक्षात सेल खरे सांगत होता, वायूच कमी झाला होता. त्या दिवसापासून यंत्राने प्रत्येक आकडा फुगवून दाखविला.

त्या देखभालीचा लेखी अहवाल आमच्याकडे होता. 'प्लांटच्या वायूवर यंत्र ९३ ला जुळविले' हे वाक्य त्यात स्वच्छ लिहिलेले होते. खाली प्रशासनाची स्वाक्षरी होती. आम्ही ती न वाचता केली होती. हिशेबाच्या वहीत एक रुपया जुळला नाही तर आम्ही रात्री दहापर्यंत बसतो. तेरीज जमत नाही म्हणून शिल्लक आकडा बसवून देणाऱ्या कारकुनाला आम्ही कधीही क्षमा केली नसती. येथे नेमके तेच झाले होते आणि आमच्या सहीने झाले होते.

दोन्ही रुग्णांच्या कुटुंबीयांना हे सांगावे की नाही, यावर त्या सकाळी चर्चा झाली. रुग्णांना अपाय झालेला नाही, उगाच भीती कशाला, असेही मत मांडले गेले. अध्यक्ष महोदयांनी दूरध्वनीवरून एकच वाक्य उच्चारले, "त्यांच्या श्वासाची गोष्ट आहे, त्यांना कळलीच पाहिजे." आम्ही गेलो आणि सांगितले.

पहिल्या कुटुंबाने शांतपणे ऐकून घेतले. दुसऱ्या रुग्णाचे चिरंजीव ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्यात मोजमाप यंत्रांच्या विभागात काम करीत होते. ते रागावतील, अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी अहवाल मागून घेतला, वाचला आणि म्हणाले, "साहेब, ज्या गॅसचं माप घ्यायचं, त्याच गॅसवर यंत्र लावलं तर ते काय सांगणार? तुम्ही जे सांगाल तेच." मग त्यांनी आपल्या कारखान्यातील पद्धत सांगितली. ज्वालाग्राही द्रावके असलेल्या पात्रात नायट्रोजन भरून हवा बाहेर काढतात. ऑक्सिजन दहा टक्क्यांच्या आसपासच्या मर्यादेखाली ठेवला तर बहुतेक द्रावकांच्या वाफा पेट घेत नाहीत. वर गेला तर एका ठिणगीने स्फोट. म्हणून तेथे शुद्धतेच्या मापाचे यंत्र उत्पादनाच्या यंत्रापासून वेगळे असते, ते प्रमाणपत्र असलेल्या संदर्भ वायूवर जुळवितात, आणि अलीकडे प्रकाशाने मोजणारी यंत्रे वापरतात. "आमच्याकडे ऑक्सिजन वाढला तर माणसं मरतात, तुमच्याकडे कमी झाला तर. माप सारखंच लागतं." हे त्यांचे शब्द आम्ही त्याच दिवशी टिपून ठेवले.

प्रकाशाने वायू मोजणे, ही कल्पना आपणांस अपरिचित वाटेल. वास्तविक ती आपल्या प्रत्येकाच्या घरात पोहोचलेली आहे. २०२० मध्ये आपण सर्वांनी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर प्रकाशानेच मोजतो. तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात. प्राणवायूने भरलेले रक्त आणि न भरलेले रक्त ते निरनिराळ्या प्रमाणात शोषून घेते. जपानचे अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास हे तत्त्व मांडले.

नळीतील ऑक्सिजन प्रकाशाने मोजण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत काचेवर किंवा प्लॅस्टिकवर विशिष्ट रंगद्रव्याचा ठिपका असतो. त्याच्यावर प्रकाशाचा झोत टाकला की तो तांबूस चमकतो. ऑक्सिजनचे रेणू त्या चमकेची ऊर्जा काढून घेतात, त्यामुळे जितका ऑक्सिजन अधिक तितकी चमक लवकर विझते. विझण्यास लागलेला अत्यल्प काळ मोजून प्रमाण काढतात. १९१९ साली श्टेर्न आणि फोल्मर या जर्मन शास्त्रज्ञांनी या संबंधाचे सूत्र दिले. ही रीत अल्प ऑक्सिजनसाठी फार उपयुक्त आहे. खाद्यपदार्थांच्या पाकिटातील किंवा नायट्रोजनमधील उरलासुरला ऑक्सिजन ती उत्तम पकडते. ९० टक्क्यांच्या वर मात्र चमक आधीच खूप मंदावलेली असते आणि ८८ व ९३ यांतील भेद तितक्या खात्रीने हाती लागत नाही.

दुसरी रीत लेसरची. प्रत्येक वायू प्रकाशाचे काही ठरावीक रंगच शोषतो. ऑक्सिजन ज्या रंगांना शोषतो, त्यांतील एक पट्टा ७६० नॅनोमीटरजवळ आहे; गडद तांबड्याच्या अगदी कडेला, जेथे डोळ्याला दिसणे जवळजवळ संपते. हा पट्टा सूर्यप्रकाशातही काळ्या रेघेच्या रूपाने दिसतो. १८१४ च्या सुमारास फ्राउनहोफर यांनी सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेघा टिपल्या आणि ठळक रेघांना अक्षरे दिली, तेव्हा याला 'ए' हे पहिले अक्षर मिळाले. सूर्यापासून निघालेला तो रंग आपल्या पृथ्वीच्या वातावरणातील प्राणवायूच वाटेत अडवितो. आपल्या डोक्यावरच्या साऱ्या हवेचे जे माप त्या रेघेत आहे, तेच आपल्या नळीच्या वायूचे लहान प्रमाणावर घेता येते. लेसरचा रंग त्या रेघेवरून सेकंदाला अनेकवार अलगद पुढेमागे नेतात, वायूतून पलीकडे किती प्रकाश पोहोचला ते पाहतात आणि त्यावरून टक्केवारी काढतात. नायट्रोजन आणि आर्गॉन त्या रंगाला हात लावीत नाहीत, म्हणून त्यांची सरमिसळ होत नाही. यात झिजणारे शिसे नाही, काही संपत नाही, आणि उत्तर काही सेकंदांत मिळते.

विश्वस्त मंडळाने सर्व बाजूंचा विचार करून लेसरचे यंत्र घेण्याचा निर्णय केला. ते आपण प्लांटमध्ये बसविले नाही. प्लांट, मॅनिफोल्ड आणि आपत्कालीन सिलिंडर हे तिन्ही स्रोत ज्या मुख्य नळीत एकत्र येतात, तिच्यावर, वॉर्डांकडे जाणाऱ्या बाजूस बसविले आहे. प्लांट विकणाऱ्याचे यंत्र आपल्या जागी राहिले. त्याचा सेल बदलला. परंतु ते आता स्वतःच्या मालाची ग्वाही देणारे एकमेव साक्षीदार राहिलेले नाही. रोकड सांभाळणारा आणि रोकड तपासणारा एकच असू नये, हा लेखापरीक्षणाचा पहिला धडा आम्ही महाविद्यालयात शिकलो होतो. तो नळीला लागू करण्यास आम्हांस एक वाईट रात्र पाहावी लागली.

यंत्र आले म्हणजे काळजी संपली, असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्याही मर्यादा आहेत. वायूचा दाब आणि तापमान बदलले की आकडा सरकतो, म्हणून त्या दोहोंचे मापही त्याला सतत पुरवावे लागते. प्रकाशाच्या काचेवर तेलाचा किंवा ओलाव्याचा थर बसला तर ते बिघाडाची सूचना देते, आणि ती काच स्वच्छ करणे हे काम केवळ प्रशिक्षित माणसाचे आहे. ऑक्सिजनच्या नळीत तेलाचा अंशही आगीला निमंत्रण असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे यंत्र फक्त ऑक्सिजन पाहते. त्यात कार्बन मोनॉक्साइड आहे का, पाण्याची वाफ किती, तेलाचा अंश किती, हे ते सांगत नाही. त्यासाठी आपण ठरावीक काळाने बाहेरच्या प्रयोगशाळेकडून वायूचे नमुने तपासून घेतो. कॉम्प्रेसरची हवा घेणारी नळी पूर्वी जनरेटरच्या धुराड्यापासून फार दूर नव्हती; ती आता गच्चीच्या विरुद्ध टोकाला नेली आहे.

व्यवस्थेत जे बदल झाले, ते थोडक्यात निवेदन करतो. दर महिन्यास यंत्राची दोन टोकांवर पारख होते. एकदा शुद्ध नायट्रोजनवर, जेथे आकडा शून्य यावयास हवा, आणि एकदा प्रमाणपत्रासह आलेल्या संदर्भ वायूच्या सिलिंडरवर. प्लांटच्या वायूवर कोणतेही यंत्र जुळविण्यास लेखी मनाई आहे. दोन यंत्रांच्या आकड्यांत दोनाहून अधिक फरक दिसला तर आधी पुरवठा सिलिंडरवर घ्यावयाचा, कारण मग शोधावयाचे. हा अधिकार रात्रीच्या सिस्टरना आहे. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावयाची नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ड्रायरची झडप रोज उघडून पाहिली जाते. देखभालीच्या प्रत्येक अहवालावर सही करण्यापूर्वी त्यातील मजकूर प्रशासनाने स्वतःच्या शब्दांत एका ओळीत नोंदवहीत लिहावयाचा. ही शेवटची अट आम्ही स्वतःवर घातलेली आहे. न समजलेल्या कागदावर सही होऊ नये, एवढाच तिचा हेतू.

याच निमित्ताने आणखी एक गोष्ट सुरू झाली. ९ मार्च २०२५ रोजी नागपाड्यात एका इमारतीच्या पाण्याच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून मृत्युमुखी पडले. बंद टाकीतील हवेत ऑक्सिजन कमी झाला, तर ते नाकाला किंवा डोळ्याला कळत नाही. माणूस शिडी उतरतो आणि कोसळतो. नेहमीच्या २०.९ टक्क्यांऐवजी १९.५ च्या खाली गेलेली हवा धोकादायक मानतात. आपल्या आवारातही भूमिगत टाक्या आहेत. ज्या संस्थेने रुग्णाच्या नळीतील ऑक्सिजन मोजण्याचा नियम केला, तिने टाकी साफ करणाऱ्या माणसाच्या भोवतीचा ऑक्सिजन न मोजता त्याला आत पाठवावे, हे आम्हांस शोभणारे नव्हते. आता हातातील यंत्राने माप घेतल्यावाचून, आणि वर दुसरा माणूस दोरी घेऊन उभा असल्यावाचून, कोणीही आत उतरत नाही.

आता देणगीदार बंधुभगिनींशी थोडे मोकळेपणाने बोलतो.

या यंत्रासाठी आम्ही एका जुन्या हितचिंतक कुटुंबाकडे गेलो होतो. त्यांनी आपुलकीने विचारले, "नावाची पाटी कुठे लावणार?" आम्ही त्यांना मागच्या आवारात नेऊन दाखविले. नळीवर बसलेली, डब्याएवढी वस्तू. पाटी लावण्यास तिच्यावर जागा नव्हती आणि तेथे कोणी पाहुणा जातही नाही. ते थोडा वेळ तेथेच उभे राहिले. मग म्हणाले, "पाटी राहू द्या. मात्र दर महिन्याला जो आकडा येतो, तो रुग्णांच्या माणसांना दिसेल असं करा." त्याप्रमाणे तळमजल्यावरील प्रतीक्षागृहात महिन्याचा तक्ता लावला जातो. ९३ हा आकडा पाहून नातेवाईक 'शंभर का नाही' म्हणून वाद घालतील, अशी डॉक्टरांना भीती होती. काहींनी विचारलेही. तक्त्याखाली चार ओळींत खुलासा लिहिला आहे आणि सिस्टर तो समजावून सांगतात. विचारणारा माणूस समाधानाने परत जातो, असा आमचा अनुभव आहे. ज्याला उत्तर मिळते, तो भांडत नाही.

आपणांस आमची नम्र विनंती अशी की, या वर्षी आपण नव्या यंत्राऐवजी देखभालीच्या निधीस हातभार लावावा. यंत्र एकदा विकत घेता येते. ते खरे बोलत राहावे यासाठी मात्र दरवर्षी खर्च येतो. संदर्भ वायूचे सिलिंडर संपतात, सेल झिजतात, ड्रायरच्या झडपा बदलाव्या लागतात, कर्मचाऱ्यांना पुन्हा पुन्हा शिकवावे लागते. या खर्चाचे उद्घाटन होत नाही, त्याचे छायाचित्र छापून येत नाही, आणि म्हणूनच बहुतेक संस्थांत तो मागे पडतो. ऑगस्टच्या त्या रात्री आपल्याकडे यंत्राची उणीव नव्हती. यंत्र होते, त्याची देखभाल खोटी झाली होती आणि ती आम्ही वाचली नव्हती.

२०२१ मध्ये बाकावर बसलेल्या माणसाचा प्रश्न होता, ऑक्सिजन पुरेल का. आपण दिलेल्या दानातून त्याचे उत्तर मिळाले. दुसरा प्रश्न, ऑक्सिजन कसा आहे, हा त्याने विचारलाच नाही, कारण तो आम्ही विचारत असू, असे त्याने गृहीत धरले होते. रुग्णालयात येणारा प्रत्येक माणूस असे कित्येक प्रश्न आमच्यावर सोपवून खाटेवर आडवा होतो. त्यांतील एका प्रश्नाचे उत्तर आता आमच्याकडे रोज, नोंदवहीत, दोन स्वतंत्र आकड्यांसह आहे. इतर प्रश्नांची यादी विश्वस्त मंडळापुढे ठेवली असून, शस्त्रक्रियागृहातील नळ्यांच्या तपासणीपासून तिचा प्रारंभ झाला आहे. तिचा वृत्तान्त पुढील वर्षीच्या सभेत, जे साधले आणि जे राहिले ते दोन्ही सांगून, आपल्यापुढे सादर करू.

त्या रात्रीच्या सिस्टर आजही ड्युटीवर असल्याने या सभेस येऊ शकल्या नाहीत.